६,५५३ मतांचं ‘कारण’ काय? अटीतटीची निवडणूक अभ्यासायची कशी

बीड लोकसभा मतदारसंघ, २०२४. मतदान १३ मे, मतमोजणी ४ जून. निकाल लागेपर्यंत बरीच रात्र झाली. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे बजरंग सोनवणे यांना ६,८३,९५० मतं आणि भाजपच्या पंकजा मुंडे यांना ६,७७,३९७ मतं मिळाली. फरक ६,५५३.

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी भेटले, की दर दोन-चार जणांत एक तरी म्हणतो, “मला बीडच्या निकालाची कारणं शोधायची आहेत.” विषय चांगलाच आहे. ग्रामीण मतदारसंघ, ऊसतोड कामगारांचा जिल्हा, आरक्षणाचं आंदोलन, फुटलेले पक्ष, एकाच घरातली दोन पिढ्यांची सत्ता, सगळंच त्यात आहे. अडचण प्रश्नाच्या रचनेत आहे. अटीतटीच्या निवडणुकीत “कोणत्या कारणाने निकाल लागला?” हा प्रश्न विचारला, की उत्तर जवळपास नेहमीच चुकतं. ते का चुकतं आणि त्याऐवजी काय विचारायचं, हे आज बघू.

आधी अंतराचा आकार समजून घेऊ

बीडमध्ये अटीतटीची लढत ही काही नेहमीची गोष्ट नाही. २००९ मध्ये गोपीनाथ मुंडे इथून १,४०,९५२ मतांनी निवडून आले. २०१४ मध्ये १,३६,४५४ मतांनी. त्यांच्या निधनानंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये पोटनिवडणूक झाली, त्यात प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी जिंकल्या. लोकसभेच्या इतिहासातला तो तेव्हाचा विक्रम होता. २०१९ मध्ये प्रीतम मुंडे यांनी याच बजरंग सोनवणे यांना १,६८,३६८ मतांनी हरवलं. आणि पाच वर्षांनी ६,५५३.

एकूण मतदान पंधरा लाखांच्या वर. म्हणजे अंतर अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. अजून एक हिशोब करा. एका मतदाराने बाजू बदलली, की फरक दोनने बदलतो. म्हणजे निकाल उलटायला ३,२७७ लोकांनी मत बदललं असतं तरी पुरेसं होतं. मतदारसंघात मतदान केंद्रं दोन हजारांहून जास्त. केंद्रामागे सरासरी दोन माणसंसुद्धा लागत नाहीत! कुठल्याही मतदान केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर याहून जास्त लोक बसलेले असतात.

‘निर्णायक कारण’ हा सापळा आहे

निकालानंतर कारणांची यादी तुम्हीही ऐकली असेल. मराठा आरक्षणाचं आंदोलन, त्याला ओबीसी समाजाकडून आलेली प्रतिक्रिया, सोयाबीन आणि कापसाचे भाव, राष्ट्रवादीतली फूट, संविधानाचा मुद्दा, वंचित बहुजन आघाडीची मतं, चिन्हाचा गोंधळ, एखाद्या तालुक्यातल्या नेत्याने ‘काम न करणं’. प्रत्येक जण आपलं कारण पुढे करतो आणि म्हणतो, “हे नसतं तर निकाल वेगळा लागला असता.”

गंमत अशी, की यातले बरेच जण एकाच वेळी बरोबर असू शकतात.

एक धावेने हरलेली क्रिकेटची मॅच आठवा. सुटलेला झेल, तिसऱ्या षटकातला वाइड, चुकलेला रनआउट, शेवटच्या षटकातला नो-बॉल. यातली एकही गोष्ट वेगळी झाली असती तर निकाल बदलला असता. म्हणजे प्रत्येक गोष्ट ‘निर्णायक’. मग “पराभवाला झेल किती टक्के जबाबदार?” याला काय उत्तर देणार? प्रत्येकाला शंभर टक्के दिले तर बेरीज चारशे होते.

निवडणुकीतही हेच होतं. ज्या कारणाचा निव्वळ परिणाम ६,५५३ मतांपेक्षा जास्त, ते प्रत्येक कारण ‘निर्णायक’ ठरतं. पंधरा लाख मतांच्या मतदारसंघात इतका परिणाम करणारी कारणं डझनभर सापडतील. उलट २०१९ मध्ये अंतर १,६८,३६८ होतं, तिथे यातलं जवळपास एकही कारण एकट्याने निर्णायक ठरलं नसतं. पण म्हणून ती कारणं २०१९ मध्ये अस्तित्वात नव्हती असं नाही. कारणाचा परिणाम किती मोठा, ही एक गोष्ट. अंतर किती लहान, ही दुसरी. ‘निर्णायक’ हा शब्द या दोन्हींची सरमिसळ करतो.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये “पराभवाची कारणे” असं लिहायच्या आधी प्रश्न बदला. “अमुक गोष्टीमुळे किती मतं इकडची तिकडे झाली?” असं विचारा. हा प्रश्न मोजता येतो. आणि त्याचं उत्तर निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी तेच राहतं.

बेरजा काय सांगतात, काय लपवतात

आता २०१९ आणि २०२४ चे आकडे शेजारी ठेवा. भाजप: ६,७८,१७५ वरून ६,७७,३९७. सोनवणे: ५,०९,८०७ वरून ६,८३,९५०.

भाजपची मतं कमी झाली ती फक्त ७७८. सोनवणेंची वाढली १,७४,१४३. “मुंडेंची मतं फुटली” हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे, की हे आकडे पहिल्यांदा बघताना धक्काच बसतो. मतदानाचं प्रमाणही ६६ टक्क्यांवरून जवळपास ७१ टक्क्यांवर गेलं होतं. मग सरळ निष्कर्ष काढायचा का, की जुने मतदार जागच्या जागी राहिले आणि नवे सगळे सोनवणेंकडे गेले?

नाही. थांबा. ७७८ हा निव्वळ फरक आहे. समजा एक लाख लोक भाजपकडून सोनवणेंकडे गेले आणि दुसरीकडून एक लाख लोक भाजपकडे आले. तरी बेरीज तेवढीच दिसेल. आणि हे अशक्य नाही, कारण दोन निवडणुकांमध्ये बरंच काही बदललं होतं. उमेदवार प्रीतम नव्हत्या, पंकजा होत्या. २०१९ मध्ये धनंजय मुंडे राष्ट्रवादीत, म्हणजे सोनवणेंच्या बाजूला होते; २०२४ मध्ये ते महायुतीत होते. वंचितच्या उमेदवाराची मतं ९२ हजारांवरून ५१ हजारांच्या आसपास आली. यातली कोणती मतं कुठे गेली, हे बेरजेतून कळत नाही.

बँकेच्या पासबुकात महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी शिल्लक सारखी दिसली, म्हणून महिनाभर व्यवहारच झाला नाही असं आपण म्हणत नाही. मतांच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतो.

पिपाणीचा प्रश्न: तुलना कशाशी करायची?

सोनवणेंच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. बीडमध्ये एका अपक्ष उमेदवाराला ट्रम्पेट हे चिन्ह मिळालं होतं. यादीत त्याचं मराठी नावही ‘तुतारी’, लोक त्याला पिपाणी म्हणू लागले. या अपक्षाला ५४,८५० मतं पडली. निकालाच्या अंतराच्या आठपटीहून जास्त!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गोंधळ झाला असेल तर नुकसान विजेत्याचं झालं. तो नसता तर बीडचा विजेता तोच राहिला असता, फक्त अंतर वाढलं असतं. साताऱ्यात उलट घडलं. तिथे पिपाणीला ३७,०६२ मतं आणि त्याच पक्षाचे शशिकांत शिंदे हरले ३२,७७१ मतांनी. तेच चिन्ह, साधारण तसाच गोंधळ. एका ठिकाणी तो ‘निर्णायक’ म्हटला जातो, दुसऱ्या ठिकाणी विसरला जातो. परिणाम आणि निर्णायकता वेगळ्या का ठेवायच्या, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

पण ५४,८५० पैकी नेमकी किती मतं गोंधळाने पडली? सगळी? कुणी तरी त्या अपक्षाला समजून-उमजूनही मत दिलं असेल. इथे संशोधकाला लागतो तो तुलनेचा गट, म्हणजे ‘गोंधळ नसता तर काय झालं असतं’ याचा अंदाज देणारा गट.

जगातलं एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. २००० सालची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक फ्लोरिडा राज्यात ५३७ मतांनी ठरली. तिथल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेची मांडणी विचित्र होती. दोन्ही बाजूंना नावं आणि मध्ये भोकं, म्हणून तिला ‘बटरफ्लाय’ मतपत्रिका म्हणत. गोर यांना द्यायची मतं चुकून ब्युकॅनन यांना पडली, असा आरोप झाला. जोनाथन वँड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. त्यांची युक्ती साधी होती. त्याच काउंटीत टपालाने मत देणाऱ्यांची मतपत्रिका वेगळ्या मांडणीची होती. लोक तेच, काउंटी तीच, फरक मांडणीचा. केंद्रावर जाऊन दिलेल्या मतांत ब्युकॅनन यांचा वाटा टपाली मतांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. निष्कर्ष असा, की दोन हजारांहून जास्त मतं चुकून पडली.

पिपाणीसाठी तुमचा तुलनेचा गट कोणता असेल? एक पर्याय: जिथे कुणा अपक्षाला पिपाणी मिळाली, पण ‘तुतारी वाजवणारा माणूस’ रिंगणात नव्हता, असे मतदारसंघ. दुसरा पर्याय: त्याच मतदारसंघात इतर अपक्षांना मिळालेली मतं. दोन्हींत त्रुटी आहेत. त्या कोणत्या, हे स्वतः लिहून काढा. मुलाखतीत हाच प्रश्न येतो.

केंद्रनिहाय आकडे: सगळ्यात मोहाचा, सगळ्यात धोक्याचा डेटा

निवडणुकीनंतर ‘नमुना २०’ प्रसिद्ध होतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं. विद्यार्थ्याच्या हातात हा तक्ता आला, की पहिला विचार येतो: गावात कोणता समाज जास्त आहे ते बघू, मतं बघू, झालं विश्लेषण.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली तांत्रिक. एक काल्पनिक केंद्र घ्या. हजार मतं पडली. त्यात ‘क’ समाजाची ६००, ‘ख’ समाजाची ४००. उमेदवार एकला ६०० मतं, उमेदवार दोनला ४००. बघताक्षणी वाटतं, ‘क’ने एकला दिली आणि ‘ख’ने दोनला. पण गणित करून बघा. ‘ख’च्या सगळ्या ४०० जणांनी उमेदवार एकला मत दिलं असेल आणि ‘क’च्या फक्त २०० जणांनी, तरी एकची बेरीज ६००च येते. म्हणजे ‘क’ समाजातून उमेदवार एकला २०० ते ६०० यांतली कितीही मतं असू शकतात. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेतून ती दाखवून दिली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसत होती. प्रत्यक्षात परदेशात जन्मलेल्या व्यक्तींमध्ये साक्षरता कमी होती. ते लोक साक्षरता जास्त असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, इतकंच.

त्यात आपल्याकडे केंद्रावर कोणत्या समाजाचे किती मतदार, हाच आकडा नसतो. मतदार यादीत जात नसते. मग आडनावांवरून अंदाज. जाधव, पवार, शिंदे ही आडनावं किती वेगवेगळ्या समाजांत आहेत, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

दुसरी अडचण तांत्रिक नाही, माणसांची आहे. बीडमध्ये निकालाआधी आणि नंतर समाजासमाजांत किती ताण होता, ते आपण पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जिल्ह्यात नेत्यांची घरं जाळली गेली. अशा ठिकाणी “अमुक गावाने अमुक जातीच्या उमेदवाराला मत दिलं नाही” असं वाक्य पीएचडीच्या प्रबंधात राहत नाही. ते व्हॉट्सअॅपवर जातं. तिथून गावातल्या दुकानात, शेतमजुरीत, पाण्याच्या टँकरच्या पाळीत. आणि ते वाक्य, वरच्या गणिताप्रमाणे, खोटंही असू शकतं.

मतदान गुप्त असतं हे आपण नागरिकशास्त्रात शिकलो. पण केंद्रनिहाय आकड्यांमुळे व्यक्तीचं मत गुप्त राहिलं तरी छोट्या गावाचं मत उघडं पडतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात धाकदपटशाची भीती असेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. ईव्हीएम आल्यावर प्रत्येक यंत्र वेगळं मोजलं जाऊ लागलं. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. विधी आयोगाच्या २०१५ च्या २५५व्या अहवालानेही शिफारस केली. ते अजून अमलात आलेलं नाही.

म्हणून केंद्रनिहाय डेटा वापरा, पण प्रबंधात गावांची नावं छापायची का, हे गाइडशी आधी बोला. शंभर केंद्रांचा कल दाखवायला एका गावाचं नाव लागत नाही.

मग अटीतटीच्या निवडणुकीचा खरा उपयोग काय?

इथपर्यंत वाचून वाटेल, की अशा निवडणुका अभ्यासूच नयेत. उलट! संशोधकांना त्या फार आवडतात. फक्त त्यांचा प्रश्न वेगळा असतो. “ही जागा कोणी का जिंकली?” हे ते विचारत नाहीत. ते विचारतात, “जिंकल्यामुळे पुढे काय बदलतं?”

एरवी विजेते आणि पराभूत यांची तुलना करता येत नाही. दीड लाखांनी जिंकणारा आणि दीड लाखांनी हरणारा यांत पैसा, कार्यकर्ते, नाव, सगळाच फरक असतो. पण काठावर जिंकलेला आणि काठावर हरलेला जवळपास सारखेच असतात. त्या दिवशी पाऊस आला असता, दोन जीप वेळेवर पोचल्या नसत्या, तर निकाल उलटा झाला असता. म्हणजे जवळपास नाणेफेक. अशा शेकडो लढती गोळा केल्या, की विजेते आणि उपविजेते यांच्यात पुढे पडणारा फरक हा पद मिळाल्याचाच परिणाम मानता येतो. या पद्धतीचं नाव ‘रिग्रेशन डिसकंटिन्युइटी डिझाइन’. निवडणुकांसाठी ती डेव्हिड ली यांच्या २००८ च्या शोधनिबंधाने रूढ केली.

भारतावर यातून चांगलं काम झालं आहे. योगेश उप्पल यांनी २००९ मध्ये दाखवलं, की आपल्या विधानसभांत पदावर असणं पुढच्या निवडणुकीत फायद्याचं नाही, तोट्याचं ठरतं. रेमंड फिस्मन, फ्लोरियन शुल्झ आणि विक्रांत विग यांनी २०१४ मध्ये उमेदवारांच्या शपथपत्रांतली संपत्ती तपासली. विजेत्यांची संपत्ती उपविजेत्यांपेक्षा वर्षाला तीन ते पाच टक्के जास्त वेगाने वाढलेली दिसली. शपथपत्रं सगळ्यांसाठी खुली आहेत. प्रश्न नीट विचारला म्हणून त्यांतून उत्तर निघालं.

बीड जिल्ह्यातच बघा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत केजचा निकाल २,६८७ मतांनी लागला, बीडचा ५,३२४ आणि माजलगावचा ५,८९९ मतांनी. बीडची जागा २०१९ मध्ये तर १,९८४ मतांनी ठरली होती. आणि शेजारच्या परळीत २०२४ चं अंतर १ लाख ४० हजारांवर. पहिल्या चार लढती या पद्धतीत बसतात, परळी बसत नाही.

पण तीन पथ्यं पाळा.

एक, एक लढत म्हणजे आलेखावरचा एक ठिपका. बीड २०२४ वरून नाणेफेकीचा नियम सिद्ध होत नाही.

दोन, काठ खरंच नाणेफेकीसारखा आहे का ते तपासा. डेव्हिन कॉघी आणि जसजीत सेखों यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या अगदी काठावरच्या लढतींतही विजेते-पराभूत पुरेसे सारखे नव्हते.

तीन, ‘हरला म्हणजे पद नाही’ हे गृहीत धरू नका. पंकजा मुंडे जून २०२४ मध्ये हरल्या, जुलैमध्ये विधान परिषदेवर निवडून आल्या आणि डिसेंबरमध्ये राज्यात मंत्री झाल्या. तुमच्या तक्त्यात त्या ‘पराभूत’ रकान्यात असतील आणि प्रत्यक्षात मंत्रालयात. परदेशी पाठ्यपुस्तकातली पद्धत जशीच्या तशी उचलली, तर ही चूक हमखास होते.

अजून एक स्थानिक गोष्ट. मे आणि नोव्हेंबर या दोन मतदानांची थेट तुलना करताना कॅलेंडर बघा. मेमध्ये ऊसतोड कामगार गावी परतलेले असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मतदार यादी तीच असली तरी मतदानाच्या दिवशी गावात असणारी माणसं तीच असतील असं नाही.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

“बीडच्या निकालाची कारणे” हा विषय घेऊन बसला असाल तर कागदावर तीन वाक्यं लिहा. मी कोणत्या एका गोष्टीचा परिणाम मोजतोय? ती नसती तर काय झालं असतं, हे मला कोणाकडे बघून कळणार? आणि माझा निष्कर्ष उद्या गावात कोणी वाचून दाखवला, तर तो खरा ठरेल इतका पुरावा माझ्याकडे आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर विषय अजून तयार नाही. तिसऱ्याचं नसेल तर ते वाक्य प्रबंधातून काढा. ६,५५३ हा आकडा कोणाच्या माथी मारायला सोपा आहे, म्हणून तो समजावून सांगणाऱ्याने जास्त सांभाळून लिहायचं.

पुढच्या लेखात नमुना २० डाउनलोड करून तो एक्सेलमध्ये कसा स्वच्छ करायचा ते दाखवतो. तोवर पिपाणीच्या तुलनागटाच्या त्रुटी लिहून काढा.